एका फोटॉनाचे युग्मन : एका वर्णपटाच्या भाषेची चिकित्सा

इ. स. २००४ च्या सप्टेंबर महिन्यात 'नेचर' ह्या नियतकालिकात अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या नऊ संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आंद्रेयास वालराफ हे त्याचे प्रथम लेखक असून स्टीव्हन गर्विन व रॉबर्ट शोलकॉप्फ ही नावे अखेरीस आहेत. शीर्षकाचा मराठी आशय साधारणतः असा : 'विद्युत्‌मंडलातील पुंजविद्युत्‌गतिकीच्या साहाय्याने एका फोटॉनाचे अतिसंवाहक क्यूबिटशी प्रबळ युग्मन'. निबंध अवघा सहा पानांचा आहे. परंतु विद्युत्‌मंडले आणि सूक्ष्मतरंग ह्यांच्या साहाय्याने पुंजयामिकीचे प्रयोग करणारी जी शाखा पुढे जगभर फोफावली, तिच्या उगमाशी ह्याच सहा पानांचा निर्देश केला जातो. त्याच अंकात, ह्या निबंधाच्या लगेच आधी, हॉलंडमधील डेल्फ्ट येथील संशोधकांचा त्याच जातीचा दुसरा निबंध आहे. तथापि वाचकांच्या स्मरणात राहिला तो येलचा, आणि ह्या स्मरणाचे बरेचसे श्रेय त्याच्या शीर्षकाला व एका आकृतीला द्यावे लागते.

निबंधाचे भौतिकीतील मोल वादातीत आहे. चिकित्सेचा विषय आहे तो त्या प्रयोगाच्या आधारे केलेल्या विधानाची भाषा. वर्णपट हा पुरावा असतो आणि शीर्षक हा निष्कर्ष असतो. ह्या दोहोंमध्ये अंतर होते काय, असल्यास ते कोणी, केव्हा व कशाने भरून काढले, हे पाहिल्याखेरीज अशा निबंधाचे वाचन पुरे झाले असे म्हणता येत नाही. पदव्युत्तर वर्गांत हा निबंध बहुधा आकृतीवरून शीर्षकाकडे एका उडीत वाचला जातो. आणि मधली पायरी गाळली जाते ती नेमकी येथेच.

प्रयोगाची रचना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. सिलिकॉनच्या चिपेवर निओबियम धातूचा पातळ थर दिलेला आहे आणि त्यात २४ मिलिमीटर लांबीची, वळणे घेत जाणारी एक अरुंद पट्टी कोरून काढलेली आहे. पट्टीच्या दोन्ही अंगांस बारीक फट सोडून धातूचा उरलेला थर आहे, आणि तिची दोन्ही टोके लहानशा खंडाने बाहेरच्या तारांपासून तोडलेली आहेत. तोडलेल्या टोकांमुळे सूक्ष्मतरंग पट्टीत कोंडला जातो व पट्टी अनुस्पंदक बनते. तिची स्वाभाविक कंप्रता सुमारे ६ गिगाहर्ट्झ आहे. पट्टी आणि बाजूचा थर ह्यांच्यामधील फटीत, जेथे विद्युत्क्षेत्र सर्वाधिक असते अशा जागी, ॲल्युमिनियमचा एक अतिसूक्ष्म तुकडा बसविलेला आहे. तो जोसेफसन संधींच्या द्वारे उरलेल्या मंडलाशी जोडलेला असून त्यावर इलेक्ट्रॉनांची जोडी ये-जा करू शकते. ह्या रचनेस कूपर-युग्म पेटी असे म्हणतात, आणि क्यूबिट ती हीच. तिच्या दोन खालच्या ऊर्जापातळ्यांमधील अंतर विद्युत्‌दाब व चुंबकीय प्रवाह ह्यांच्या योगे हवे तसे बदलता येते. म्हणजेच क्यूबिटची कंप्रता अनुस्पंदकाच्या कंप्रतेच्या वर, खाली अथवा तंतोतंत तिच्यावर आणता येते.

हा सारा खटाटोप केवळ अतिसंवाहकतेसाठी थंड ठेवावयाचा नसतो. ६ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनाची ऊर्जा सुमारे ४ × १०⁻²⁴ ज्यूल, म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ०.३ केल्विन इतकीच असते. नेहमीच्या तापमानात पट्टीमध्ये उष्णतेनेच निर्माण झालेले शेकडो फोटॉन असतील. ०.१ केल्विनला ही सरासरी ०.०६ वर येते, आणि तेव्हाच 'पट्टीत काही नाही' असे बहुतांशी खरेपणाने म्हणता येते. काही नसतानाही तेथे सुमारे २ मायक्रोव्होल्ट एवढा चढउतार असतोच. पट्टी इतकी अरुंद आहे की ह्या क्षुल्लक दाबापासून प्रतिमीटर ०.२ व्होल्ट इतके क्षेत्र निर्माण होते. निबंधाची खरी कल्पकता ह्या अरुंदपणात आहे.

आता आकृती. क्यूबिटची कंप्रता अनुस्पंदकाच्या कंप्रतेपासून दूर असता पट्टीतून पार होणाऱ्या सूक्ष्मतरंगाचा आलेख घेतला तर एकच शिखर दिसते. क्यूबिटची कंप्रता जुळवून अनुस्पंदकावर आणली की त्या एका शिखराच्या जागी दोन शिखरे दिसू लागतात. दोहोंमधील अंतर सुमारे ११.६ मेगाहर्ट्झ असून ते शिखरांच्या रुंदीच्या कित्येक पट आहे. प्रबळ युग्मन म्हणजे हेच : ऊर्जा बाहेर गळून जाण्यापूर्वी ती पट्टी आणि पेटी ह्यांच्यात अनेकदा ये-जा करते, एका फेरीस सुमारे ८६ नॅनोसेकंद लागतात. शीर्षकातील 'प्रबळ युग्मन' हा शब्दसमूह आकृतीने पूर्णपणे सिद्ध केला आहे, ह्याबद्दल शंकेस जागा नाही.

शंका उत्पन्न होते ती 'एका फोटॉनाचे' ह्या पदाविषयी. आणि ती दोन प्रकारची आहे. पहिली व्याकरणाची, दुसरी पुराव्याची.

'एका फोटॉनाचे क्यूबिटशी युग्मन' ह्या रचनेत 'फोटॉन' व 'क्यूबिट' ही दोन पदे समान दर्जाची ठरतात. 'रामाचे लक्ष्मणाशी नाते' म्हटले की राम व लक्ष्मण दोघेही व्यक्ती असल्या पाहिजेत. परंतु क्यूबिट ही एक रचना आहे, तर फोटॉन ही त्या अर्थाने वस्तू नाही. अनुस्पंदकाच्या कंपनाने चढलेली ती एक पायरी आहे. तंबोऱ्याच्या तारेचा घोडीशी संबंध असतो. तारेतून उठणाऱ्या सुराचा घोडीशी संबंध आहे असे म्हटल्यास ऐकणारा समजून घेईल, पण संबंध कोणाकोणात आहे हे चुकीचे सांगितले गेले असेल. प्रस्तुत प्रयोगात युग्मनाची मात्रा पट्टीच्या व पेटीच्या आकारावरून ठरते, आणि पट्टीत एकही फोटॉन नसताना ती तितकीच असते. किंबहुना निबंधात ह्या रेषाविभाजनास जे नाव दिले आहे, त्यात 'निर्वात' हे विशेषण आहे ते एवढ्याचसाठी. म्हणजे शीर्षक म्हणते 'एका फोटॉनाचे', आणि आकृतीचे नाव म्हणते 'एकही फोटॉन नसतानाचे'. भौतिकीच्या जाणकारास ह्यात विसंगती वाटत नाही, कारण तो दोन्ही पदांचा अर्थ समीकरणातून काढतो. विद्यार्थी मात्र तो शब्दांतून काढतो.

तुलनेसाठी त्याच गटातील अलेक्झांडर ब्ले व सहकारी ह्यांचा सैद्धांतिक निबंध पाहण्यासारखा आहे. तो त्याच वर्षी 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. त्याच्या शीर्षकात पोकळी आहे, अतिसंवाहक मंडले आहेत, गणनयंत्राची रचना आहे, फोटॉन नाही. सिद्धांत मांडणारा निबंध अधिक संयमी आणि प्रयोग मांडणारा अधिक धीट, हा उलटा क्रम लक्षणीय होय.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एका शिखराची दोन शिखरे झाली, एवढ्यावरून पुंजयामिकी सिद्ध होते काय? दोन सारखे लंबक एका नाजूक स्प्रिंगने जोडले तर त्या जोडीच्या दोन कंप्रता होतात : दोन्ही लंबक एकाच दिशेने झुलतात ती एक, आणि परस्परांच्या उलट झुलतात ती दुसरी. येथे फोटॉन नाही, पुंज नाही, एकोणिसाव्या शतकातील यामिकीपलीकडे काहीच नाही. तरीही आलेखावर दोन शिखरे येतात, आणि त्यांच्यामधील अंतरावरून स्प्रिंगचा जोर मोजता येतो. कमी शक्तीच्या सूक्ष्मतरंगाने पाहिल्यास कूपर-युग्म पेटी आणि एखादे साधे आंदोलक मंडल ह्यांचा प्रतिसाद सारखाच असतो. ही गोष्ट संशोधकांना अज्ञात नव्हती. प्रकाशीय पोकळीतील अणूंच्या बाबतीत हेच रेषाविभाजन रेषीय अपस्करणाच्या जुन्या सिद्धांतानेही स्पष्ट होते, असा निबंध यिफू झू, कारमायकेल, मॉसबर्ग आदींनी १९९० मध्येच लिहिला होता, आणि त्याच्या शीर्षकातच हे म्हणणे मांडले होते.

ह्या संदर्भात नावाचा प्रवास मनोरंजक आहे. जेफ किंबल ह्यांच्या गटाने १९९२ साली प्रकाशीय पोकळीतील अणूसंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात ह्या घटनेस 'प्रसामान्य कंपनप्रकारांचे विभाजन' असे म्हटले होते. हे नाव लंबकांच्या शास्त्रातले आहे. त्यात दावा अल्प आणि वर्णन पुरेपूर. ह्याच गटाने २००४ मध्ये, म्हणजे येलच्या निबंधाच्या वर्षीच, एका अडकवून ठेवलेल्या अणूवर असाच प्रयोग केला. त्याच्या शीर्षकात मात्र 'निर्वात राबी वर्णपट' हा शब्दप्रयोग आला. मधल्या बारा वर्षांत प्रयोग अधिक शुद्ध झाला हे खरे. तथापि नाव बदलले ते केवळ शुद्धतेमुळे असे दिसत नाही. राबी हे नाव ज्यांचे, त्या इसिडोर राबी ह्यांनी १९३० च्या दशकात चुंबकीय क्षेत्रात रेणूंच्या झोतावर बाहेरून आंदोलते क्षेत्र लावून प्रयोग केले व १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्यांच्या प्रयोगांत बाहेरचे क्षेत्र हेच मुख्य. 'निर्वात राबी' ह्या जोडनावात ते मुख्य अंगच वगळले गेले आहे आणि नाव तेवढे उरले आहे. भाषेत अशी उदाहरणे शेकड्यांनी सापडतात. परंतु ह्या नावाबरोबर एक प्रतिष्ठाही आली. 'प्रसामान्य कंपनप्रकार' म्हटले की वाचकाला लंबक आठवतो. 'निर्वात राबी' म्हटले की पुंजयामिकी आठवते. आकृती दोन्ही वेळा तीच असते.

येथे येलच्या लेखकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्यांच्या चिपेवर पेटी एकच होती. ती साधे आंदोलक मंडल नसून दोन पातळ्यांची पुंजरचना म्हणून वागते, हे जपानमधील नाकामुरा, पाश्किन व त्साई ह्यांच्या १९९९ च्या प्रयोगापासून माहीत होते. तापमानामुळे पट्टी जवळपास रिकामी होती. पेटीवरील दाब व प्रवाह बदलला की विभाजन अपेक्षित जागीच प्रकट होत होते व अपेक्षित जागीच मावळत होते. ही सारी परिस्थिती लक्षात घेतली तर निष्कर्ष चुकीचा नव्हता, आणि पुढे तो खराही ठरला. आक्षेप एवढाच की 'एक फोटॉन' हे ज्ञान आकृतीतून आलेले नसून आकृतीभोवतीच्या परिस्थितीतून आलेले आहे. शीर्षकाने पाहिलेले व अन्यत्र जाणलेले ह्यांच्यातील सीमा पुसून टाकली.

मराठीच्या अभ्यासकाला ह्याचे प्रतिरूप घरातच सापडते. 'जग' हा शब्द कागदावर लिहिला तर तो विश्व ह्या अर्थाचा आहे की 'जगणे' ह्या धातूचे आज्ञार्थी रूप आहे, हे लिपीवरून कळत नाही. उच्चारात पहिला ज तालव्य व दुसरा दंततालव्य आहे, म्हणजे वर्ण दोन आहेत, पण चिन्ह एकच. वाचक संदर्भावरून योग्य वाचन करतो आणि बहुधा चुकत नाही. तरी 'येथे तालव्य ज लिहिलेला आहे' असे कोणी म्हटले तर ते विधान कागदाविषयी खरे नव्हे. २००४ ची आकृती अशाच 'जग'सारखी आहे. तिची वाचने दोन संभवतात. भेद स्पष्ट करावयाचा तर आणखी काहीतरी ऐकावे लागते.

ते आणखी काहीतरी म्हणजे दुसरा फोटॉन. साध्या आंदोलकाच्या ऊर्जापातळ्या म्हणजे सारख्या उंचीच्या पायऱ्यांचा जिना होय. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच दहावीवरून अकरावीवर जाण्यास लागते. त्यामुळे नुसती एक पायरी चढताना पाहून कितवी पायरी चढली हे सांगता येत नाही. जोडलेल्या दोन आंदोलकांचेही तसेच. दुसरा फोटॉन घातला तरी तो त्याच दोन रेषांवर येऊन पडतो; नवी रेषा निर्माण होत नाही. दोन पातळ्यांच्या क्यूबिटशी जोडलेल्या अनुस्पंदकाची गोष्ट निराळी आहे. एडविन जेन्स व फ्रेड कमिंग्ज ह्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर पातळ्यांची एक जोडी असते, आणि जोडीतील अंतर टप्प्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या टप्प्यावर ते एक मानले तर दुसऱ्यावर १.४१, तिसऱ्यावर १.७३. पायऱ्या असमान झाल्या की प्रत्येक पायरी ओळखू येते. सोस्यूर ह्यांनी चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते असे जे प्रतिपादन केले, ते ह्या जिन्याला अक्षरशः लागू पडते : भेद नसेल तेथे पायरी आहे, पण तिला स्वतंत्र मूल्य नाही.

असमान पायऱ्यांचा हा पुरावा येलच्या निबंधाच्या कितीतरी आधी एका वेगळ्या मंडलात मिळाला होता, हे विसरता कामा नये. जॉन मार्टिनिस, मिशेल देव्होरे व जॉन क्लार्क ह्यांनी १९८५ साली बर्कली येथे एका जोसेफसन संधीवर सूक्ष्मतरंग सोडून तिच्या ऊर्जापातळ्या दाखवून दिल्या. तेथे अनुस्पंदक नव्हता. परंतु लागोपाठच्या पातळ्यांमधील अंतरे असमान असल्यामुळे प्रत्येक संक्रमण वेगळे दिसले, आणि पुंजीकरणाचा दावा आकृतीतच सामावला. ह्या संशोधनाबद्दल तिघांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निबंधाचे शीर्षकही जुन्या पद्धतीचे, म्हणजे जे दिसले तेवढेच सांगणारे आहे.

अनुस्पंदकाच्या बाबतीत उणीव भरून निघाली ती २००७ ते २००९ ह्या काळात. शुस्टर व येलमधील सहकारी ह्यांनी २००७ मध्ये क्यूबिटची कंप्रता अनुस्पंदकापासून दूर ठेवून क्यूबिटचा वर्णपट घेतला. तेव्हा क्यूबिटच्या एका रेषेच्या जागी रेषांची मालिका दिसली. पट्टीत शून्य फोटॉन असताना एक रेष, एक असताना दुसरी, दोन असताना तिसरी. कोणती रेष किती उंच आहे ह्यावरून पट्टीतील क्षेत्र सुसंगत आहे की औष्णिक आहे, हेही वाचता आले. 'फोटॉन' हे नाम येथे प्रथमच आकृतीतून मिळाले असे म्हणावयास हरकत नाही, कारण येथे फोटॉन मोजले गेले.

दुसऱ्याच वर्षी झुरिक येथे वालराफ ह्यांच्याच नव्या प्रयोगशाळेतून योहानेस फिंक व सहकारी ह्यांचा निबंध आला. त्यांनी एका सूक्ष्मतरंगाने जोडी पहिल्या टप्प्यावर चढविली व दुसऱ्या क्षीण सूक्ष्मतरंगाने तेथून दुसऱ्या टप्प्याकडे जाणाऱ्या रेषा शोधल्या. विभाजन आता ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास गेले होते, त्यामुळे रेषा एकमेकींत मिसळण्याचा प्रश्न उरला नव्हता. रेषा सापडल्या त्या वर्गमुळाने सांगितलेल्या जागी. २००४ च्या निबंधाचे प्रथम लेखक ह्या निबंधाचे अखेरचे लेखक आहेत, आणि दोन्ही निबंध एकत्र ठेवून वाचले तर दुसरा हा पहिल्याच्या शीर्षकाचे ऋण फेडतो असे वाटते. येलमध्ये लेव्ह बिशप व सहकारी ह्यांनी २००९ मध्ये त्याच दोन शिखरांवर अधिक शक्तीचा सूक्ष्मतरंग सोडला. तेव्हा प्रत्येक शिखर पुन्हा मध्ये दुभंगले आणि अनेक फोटॉन एकदम शोषले जाण्याच्या रेषा प्रकट झाल्या. लेखकांनी ह्याला 'अतिविभाजन' अशा अर्थाचा शब्द योजला. तो फारसा सुबक नाही, पण दाव्याबाहेरचे त्यात काही नाही. फिंक ह्यांच्या २०१० च्या प्रयोगात हेच उलट दिशेने दाखविले आहे : पट्टीतील क्षेत्राचे तापमान वाढवीत नेले तर दोन शिखरे हळूहळू एका रुंद शिखरात लोपतात. एकाच चिपेवर पुंजवर्तनातून अभिजात वर्तनाकडे जाण्याची वाट अशी दिसली.

ह्या क्रमातून एक गोष्ट लक्षात येते. 'क्यूबिटचा वर्णपट' ह्या शब्दप्रयोगातील षष्ठी प्रत्येक निबंधात वेगवेगळे काम करते. संस्कृत वैयाकरणांनी कर्तरि षष्ठी आणि कर्मणि षष्ठी असा भेद केला आहे. 'गुरूची परीक्षा' म्हणजे गुरूने घेतलेली की गुरूला द्यावी लागलेली, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. २००४ च्या जुळलेल्या अवस्थेत वर्णपट एकट्या क्यूबिटचा नाही व एकट्या अनुस्पंदकाचाही नाही. दोन्ही शिखरे दोघांची मिळून आहेत. कंप्रता दूर ठेवून दोन सूक्ष्मतरंग वापरले की वर्णपट क्यूबिटचा होतो, आणि तो पाहणारे साधन अनुस्पंदक असते. २००७ च्या प्रयोगात मांडणी जवळजवळ तीच. परंतु क्यूबिटच्या रेषा वाचून माहिती मिळते ती अनुस्पंदकातील क्षेत्राची. म्हणजे क्यूबिट एके ठिकाणी कर्म आणि दुसऱ्या ठिकाणी करण आहे. प्रबंधलेखनात ही तिन्ही प्रकरणे सर्रास 'क्यूबिटचा वर्णपट' ह्या एका नावाखाली येतात, आणि वाचकाला कोण कोणाला पाहते आहे हे दोन-दोन पाने उलटून शोधावे लागते.

'कृत्रिम अणू' ह्या रूपकासंबंधीही थोडे सांगणे प्राप्त आहे. क्यूबिटला असे म्हणण्याची रीत आता रूढ झाली आहे आणि तिचा उपयोगही आहे. पातळ्या विभक्त असतात, त्यांच्यात संक्रमणे होतात, इतके साम्य खरे. परंतु वर्णपटविज्ञानाचा जन्म ज्या गोष्टीवर झाला तीच येथे नाही. बुन्सेन व किरखोफ ह्यांनी १८६० मध्ये दोन निळ्या रेषांवरून सीझियम हे मूलद्रव्य शोधले, कारण सीझियमचा कोणताही अणू कोठेही असला तरी त्याच रेषा देतो. त्या वर्णपटातील रेषा हे जातिवाचक नाम होते. दोन क्यूबिटे एकाच आराखड्यावरून, एकाच दिवशी, एकाच चिपेवर घडविली तरी त्यांच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत; एकदा गरम करून पुन्हा थंड केले तर त्याच क्यूबिटची रेषा थोडी सरकलेली आढळते. येथे रेषा हे विशेषनाम आहे, आणि तेही अधूनमधून बदलणारे. रूपकामुळे ही गोष्ट झाकली जाते. 'दोन पातळ्यांचा' हे विशेषणही असेच सोयीचे. येन्स कॉख व सहकारी ह्यांनी २००७ मध्ये सुचविलेला ट्रान्समॉन हा प्रकार आज सर्वाधिक वापरात आहे. विद्युत्प्रभाराच्या उपद्रवापासून तो बचावतो, पण त्याची किंमत म्हणून त्याच्या पातळ्यांमधील अंतरे जवळजवळ सारखी होतात. फरक सामान्यतः काही टक्क्यांचाच राहतो. म्हणून झुरिक व येल येथील वर नमूद केलेल्या निबंधांत तिसऱ्या पातळीचा हिशेब धरावा लागला. ज्या असमानतेमुळे क्यूबिट साध्या आंदोलकाहून वेगळा ठरतो, ती इतकी थोडी उरलेली असताना 'अणू' हा शब्द निःशंकपणे वापरणे सावधपणाचे नाही.

मराठी परिभाषेचा प्रश्न ह्यातूनच उभा राहतो, आणि तो केवळ हौसेचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्यूबिटांवर प्रत्यक्ष प्रयोग होतात. म्हणजे ह्या विषयावर मराठीत बोलण्याची वेळ कधीतरी यावयाचीच. विश्वकोशाने रूढ केलेले अतिसंवाहकता, पुंजयामिकी, अनुस्पंदन, कंप्रता हे शब्द उत्तम काम देतात. 'वर्णपट' हा शब्द मात्र येथे ओढून आणल्यासारखा वाटतो, कारण सूक्ष्मतरंगाला रंग नाही. तरी तो टाकून देण्याचे कारण नाही. वर्ण म्हणजे रंग तसाच वर्ण म्हणजे भाषेतील ध्वनिघटकही, आणि ह्या विषयात रेषेचे कार्य दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ जाते. खरी अडचण आहे ती 'निर्वात' ह्या शब्दाची. निर् आणि वात, म्हणजे जेथे हवा नाही ते. प्रस्तुत मंडलात तरंगाचे क्षेत्र अर्ध्याहून अधिक सिलिकॉनमध्ये पसरलेले असते. हवेच्या असण्या-नसण्याशी ह्या विभाजनाचा काही संबंध नाही. इंग्रजी शब्दाने हवेचा अर्थ सोडून फार काळ लोटला, म्हणून तेथे घोटाळा होत नाही. मराठीत व्युत्पत्ती अजून जागी आहे. त्यातही गोंधळ असा की चिप ज्या शीतपात्रात ठेवतात त्यातून हवा खरोखरच काढलेली असते, आणि विद्यार्थ्याला तेच 'निर्वात' अभिप्रेत आहे असे वाटू लागते. 'शून्यावस्था' हा शब्द अधिक बरा. त्यात फोटॉनांची संख्या शून्य असल्याची सूचना आहे आणि क्षेत्राची अवस्था असल्याचीही आहे.

येलच्या निबंधाचे शीर्षक ह्या दृष्टीने मराठीत नव्याने मांडावयाचे झाल्यास ते असे होईल : 'सूक्ष्मतरंग अनुस्पंदकातील एका कंपनप्रकाराचे अतिसंवाहक क्यूबिटशी प्रबळ युग्मन : शून्यावस्थेजवळील वर्णपट'. ह्यात फोटॉन नाही, आणि २००७ पूर्वीच्या आकृतीत तो नव्हताही. 'नेचर'च्या संपादकांना हे शीर्षक पसंत पडले असते किंवा नाही, हा प्रश्न अर्थात निराळा.